इंजिन बंद असताना

बिजलीचं बिल समजायला काही वकिली शिकावी लागत नाही. महिन्याच्या महिन्याला माणूस येतो, मीटरवरचा आकडा बघतो. आजच्या आकड्यातून मागच्या खेपेचा आकडा वजा करायचा, उरलं तेवढं तुम्ही जाळलं. संपलं. शेंबड्या पोरालाही कळतं हे. पण घरातल्या कर्त्या पुरुषाला कळून घ्यायचंच नसलं, तर खुद्द देवानं येऊन समजावलं तरी डोक्यात शिरत नाही. दत्तरावांच्या घरी ही वजाबाकी नेहमीपेक्षा मोठी आली आणि सगळ्यांनी एकदम सुनेकडं बघितलं. घरात परक्याची लेक असली की चोर शोधायला लांब जावं लागत नाही बघा!

आणे जाऊन नवे पैसे आले त्या सालची गोष्ट. पाडवा होऊन गेला होता. परभणीत मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागं दत्तरावांचं घर. ओसरीत त्यांची सून मनकर्णा मिरच्यांचे देठ खुडत बसली होती. बिजलीघराचा बन्सीधर आला, स्टूल मागून घेतलं, वर चढून भिंतीवरच्या मीटरची काच पुसली आणि आकडा बघितला. परत एकदा बघितला. मग खाली उतरला.

"वैनी, घरात पाव्हणे हायत का लय?"

"कोण येतंय? आत्याबाई गेल्या त्याला दोन म्हैने झाले. आमी तिघंच हाव."

"मागच्या खेपेलाबी जास्तच आलतं. या खेपेला त्याच्या दुप्पट हाय."

दत्तराव आतून ऐकतच होते. झरीला त्यांची चांगली काळी जमीन, पण शहरात घर बांधायची हौस दांडगी. गल्लीत बिजली पहिल्यांदा घेतली ती त्यांनी. रोज दिवेलागणीला ओसरीतल्या बल्बखाली खुर्ची टाकून बसायचे, जाणाऱ्या-येणाऱ्यानं बघितलंच पाहिजे म्हणून. घरात बत्ती तीनच ठिकाणी, ओसरीत, माजघरात आणि चुलीपाशी, आणि बटनाला हात फक्त त्यांनी लावायचा. तर ते बाहेर आले. बन्सीधरकडं बघितलंसुद्धा नाही.

"रातभर बत्ती जाळायलीस का गं?"

"मी बटनाला हात लावीत न्हाई मामा."

"मग काय उंदीर लावायलेत?"

हातातली मिरची मनकर्णानं अशी चुरगाळली की दिवसभर बोटांची आग होत राहिली.

आता ही म्हाळसाबाई, म्हणजे मनकर्णाची सासू, तिच्या आत्याबाई, कशी गेली ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. सांगताना माझंच डोकं फिरतं, पण सांगतो.

म्हाळसाबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. संध्याकाळी माजघरातल्या बत्तीखाली सूप घेऊन ती डाळ निवडायला बसायची. खडा सापडला की शेजारच्या पितळी वाटीत टाकायची. तेवढंच तिला त्या उजेडाचं कौतुक. पण दत्तराव आत आले की खट् करून बटन बंद. "डाळच निवडायलीस ना? हिरे तर निवडत न्हाईस?" बाहेर ओसरीतला बल्ब मात्र चालू. तो लोकांना दिसायचा ना! बाई बिचारी अंधारात बोटांनी खडे शोधत बसायची. एक शब्द उलटून बोलली नाही.

माघात एका संध्याकाळी ती माजघराच्या कोपऱ्यात गोवऱ्या काढायला गेली. तिथूनच तिनं हाक दिली, "अहो, जरा बत्ती लावा. हितं काय तरी वळवळायलंय." ओसरीत चार माणसं बसली होती. दत्तरावांनी बसल्या जागेवरून मानसुद्धा वळवली नाही. म्हणाले, "चाचपून घे." तिनं चाचपून घेतलं, आणि नागानं बोट धरलं. दिवस उगवायच्या आत तिचा त्याच माजघरात जीव गेला. चुलीपाशी उभ्या असलेल्या मनकर्णानं ते दोन शब्द कानांनी ऐकले होते. त्या दिवसापासून तिच्या पोटात जो राग बसला तो बसलाच.

आपल्याकडं रीत अशी, की जिथं माणसाचा जीव गेला तिथं दहा दिवस दिवा ठेवायचा आणि तो विझू द्यायचा नाही. गेलेल्या जिवाला वाट दिसावी म्हणून. मनकर्णानं पणतीत तेल ओतलंच होतं. दत्तराव म्हणाले, "बिजलीच्या घरात पणती कशाला? लोक हसतील." माजघरातला बल्ब त्यांनी लांब वायरीनं खाली सोडायला लावला, बरोबर त्या जागेवर. भेटायला आलेल्यांना वर फुशारकीनं सांगायचे, "गल्लीत कोणाच्या मयताला असली बत्ती मिळाली का बगा."

आता या शहाण्याला कोणी सांगावं! गावात तेव्हा बिजली चोवीस तास नसायचीच. दिवेलागणीला बिजलीघराचं डिझेलचं इंजिन सुरू व्हायचं, त्याची धडधड साऱ्या परभणीला ऐकू यायची. मध्यरात्र टळली की इंजिन बंद, की तारा मेल्या. दिवसा त्या तारांवर बायकांनी धुणं वाळत घातलं असतं तरी कुणाचं काही वाकडं झालं नसतं. म्हणजे म्हाळसाबाईचा दिवा रोज विझायचा, आणि अख्खा दिवस विझलेला राहायचा. मनकर्णानं एकदा धीर करून म्हटलं, "मामा, इंजिन बंद झाल्यावर पणती तरी ठिवू का?" दत्तराव खेकसले, "तेल काय फुकट येतं?" आणि भेटायला येणारी माणसं सरली, तशी दहावा व्हायच्या आधीच त्यांनी एका संध्याकाळी बटन दाबून ती बत्ती बंद केली आणि वायर वर गुंडाळून टाकली.

त्यानंतरच मीटर पळायला लागलं.

दत्तराव बिजलीघरात जाऊन भांडले. टेबलावर हात आपटला, बेइमान म्हणाले, तक्रारीची दरखास्त दिली. बिजलीघरानं कायद्याप्रमाणं केलं. त्या मीटरला जोडून दुसरं नवं मीटर बसवलं आणि दोन्ही आठ दिवस चालवून बघितली. दोन्हींचा आकडा सारखाच पुढं गेला. बन्सीधर म्हणाला, "मालक, मीटरमधी खोट न्हाई. तुमच्या घरातच कोणतरी जाळायलंय."

आता मात्र मनकर्णाचे दिवस भरले. दत्तरावांनी तिन्ही बल्ब काढून आपल्या पेटीत कुलूपबंद केले. घरात कंदील आला. तरी मीटर पुढंच. मग त्यांच्या डोक्यात आलं, की सुनेनं स्वतःचा बल्ब कुठं तरी लपवून ठेवला असणार. भर सकाळी त्यांनी तिची लग्नातली पेटी ओसरीत ओढत आणली आणि गल्लीसमोर उपसली. लुगडी, चोळ्या, आईनं दिलेली फणी, सगळं मातीत. शेजारची चतुराबाई तोंडाला पदर लावून बघत होती. बल्ब निघाला नाही. मनकर्णाचा नवरा रायभान खांबाला टेकून उभा होता, पायाच्या अंगठ्यानं माती उकरत. बापासमोर त्याच्या तोंडातून कधी शब्द फुटला नव्हता, तो त्या दिवशी काय फुटणार! भरल्या अंगाचा गडी, पण काय कामाचा?

"चोरटी हाय," दत्तराव गल्लीला ऐकू जाईल असं बोलले. "अन् चोरटं माणूस माझ्या घरात नको." तिच्या माहेरी पोखर्णीला सांगावा गेला, की येऊन तुमची लेक घेऊन जा.

चोरटी म्हणून माहेरी गेलेली लेक म्हणजे काय, हे त्या काळात सांगावं लागत नव्हतं. तिला परत नांदायला कोणी आणत नाही, आणि तिच्या पाठच्या बहिणीला स्थळ येत नाही. मनकर्णाच्या पाठीवर एक बहीण होती. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मनकर्णाला त्या दिवशी कळलं. ती रडली नाही. मातीतली लुगडी उचलून तिनं एक-एक झटकली आणि घडी घालून ठेवली.

बाप यायचा तो दिवस वैशाखातला. परभणीचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे, भर दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. दत्तराव आणि रायभान मोंढ्यात गेले होते. उन्हासाठी दारं-खिडक्या लावून घेतलेल्या. घरात मनकर्णा एकटी, ओसरीत बोचकं बांधत बसलेली. बाहेर चिडीचूप.

मग तिला बारीक आवाज आला. गूं... गूं... अंगावर माशी घोंगावावी तसा. तिनं वर बघितलं. भिंतीवर दोन्ही मीटरं अजून तशीच शेजारी-शेजारी. दोन्हींच्या काचेआड चकत्या फिरत होत्या. सावकाश, पण न थांबता. मनकर्णानं कान दिला. इंजिनची धडधड नव्हती. संध्याकाळपर्यंत असायचं कारणच नव्हतं. तारांत बिजली नाही, घरात बल्ब नाही, आणि चकत्या फिरतायत.

माजघराकडून वास आला. तापलेल्या काचेवर धूळ जळाल्याचा वास, आणि त्यात मशेरीचा. मशेरी या घरात एकच बाई लावायची.

मनकर्णा उठली. माझ्यासारखा असता तर बाहेरच्या बाहेर पळाला असता, पण तिला भीतीपेक्षा राग मोठा होता. ती माजघरात शिरली. त्या खोलीला खिडकी नाही. दार मागं आपोआप ओढलं गेलं, आणि डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार झाला. आधी फक्त ऐकू आलं. सूप हलत होतं. सळ्... सळ्... डाळ एका बाजूनं दुसऱ्या बाजूला. मग थांबलं. मग पितळी वाटीत खडा पडला. टिंग.

मनकर्णानं खाली बघितलं. स्वतःचा हात तिला दिसत नव्हता, पण जमिनीवर स्वतःची सावली दिसत होती. बरोबर डोक्यावर दिवा असला म्हणजे पडते तशी, आखूड, पायांपाशी गोळा झालेली. उजेड कुठंच नव्हता. आणि दोन हात अंतरावर आणखी एक सावली होती, मांडी घालून बसलेली. तिच्या मांडीवर सूप हलत होतं. त्या सावलीच्या जागी बसलेलं मात्र कोणीच नव्हतं.

"आत्याबाई..." मनकर्णाच्या तोंडून निघालं.

सूप थांबलं.

तिनं बोलायला तोंड उघडलं आणि आतून निघाला तो संतापच. "बत्ती तुमी जाळायलाव... अन् चोरटी मी? जित्या होत्या तवा का न्हाई जाळली? तवा मुकाट बसलाव. मीबी बसले, ते माझं चुकलं. पण आता माझा बाप यील... गल्लीसमोर मान खाली घालून मला नील. चोर सोडून संन्याशाला फाशी का म्हणून? ज्यानं विझवली, त्याला दाखवा की ही बत्ती! मला कामून दाखवायलाव?"

मग सूप जमिनीला टेकल्याचा आवाज आला, आणि बसलेली सावली हळूहळू उठून उभी राहिली. मनकर्णा मागं सरत सरत दारापर्यंत आली, कडी चाचपली आणि ओसरीत येऊन पडली. घाम पुसून तिनं वर बघितलं, तर चकत्या आता भिंगरीगत फिरत होत्या.

ऊन उतरायला लागलं तसा पोखर्णीहून तिचा बाप मुंजाजी बैलगाडी घेऊन आला. मोंढ्यातून दत्तराव आणि रायभानही आले. असल्या वेळी गल्लीला कसं कळतं कोण जाणे, चतुराबाई आणि आणखी पाच-सहा बायामाणसं दारात जमली.

"घेऊन जा तुमची लेक," दत्तराव म्हणाले.

मुंजाजीनं डोईचं मुंडासं काढलं नाही, हातही जोडले नाहीत. "न्हेतो की. पण दत्तराव, पोरीनं चोरलं तरी काय? उजेड?"

"गप ऱ्हावा. मीटर बगा अन् मग बोला."

"मीटरच बगा मामा," मनकर्णा म्हणाली. तिनं बोट वर केलं. "इंजिन बंद हाय. बल्ब तुमच्या पेटीत हायत. मी सगळ्यासमोर हितं उभी हाय. मग आता कोण जाळायलंय?"

सगळ्यांनी वर बघितलं. चकत्या फिरत होत्या. कोणीतरी "अगं बया" म्हटलं आणि बाया एक पाऊल मागं सरल्या.

"माझ्या पेटीची झडती घेतली, तशी माजघराचीबी घ्या," मनकर्णा म्हणाली. "मग मी जाते."

दत्तरावांचा राग नाकावरच. भरल्या गल्लीत सुनेनं शब्द उलटवला, हेच त्यांना जास्त झोंबलं. काठी घेऊन तरातरा माजघरात शिरले. दार ओढलं गेलं. मग काठी पडल्याचा आवाज आला.

"कोण हाय...?"

"बंद कर." आवाज खाली आला होता. "बंद कर म्हणतो ना... डोळ्यापुढून काढ ते..."

आणि बटन वाजायला लागलं. खट्. खट्. खट् खट् खट्. अंधाऱ्या खोलीत, बल्ब नसलेल्या बत्तीचं बटन हा माणूस जिवाच्या आकांतानं दाबत होता. रायभान दारापर्यंत गेला आणि फळीला हात लावून तसाच उभा राहिला, ढकलायची हिंमत होईना. फळी तापलेली होती, असं त्यानं नंतर सांगितलं.

मग दार आतून उघडलं. दत्तराव दोन्ही हात डोळ्यांवर दाबून भिंतीला घासत बाहेर आले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, उघड्या डोळ्यांनी सूर्य बघितल्यागत.

"पोरीनं न्हाई लावली..." ते पुटपुटले.

"मोठ्यानं सांगा मामा," मनकर्णा म्हणाली. "चोरटी म्हणताना कसं मोठ्यानं सांगितलं होतं? तसं सांगा."

"पोरीनं न्हाई लावली!" दत्तराव ओरडले. "ऐकलं का समद्यांनी? न्हाई लावली तिनं! आता बंद करा... कोणतरी बंद करा..."

गल्लीतल्या बायांनी आत डोकावून बघितलं. माजघरात काळाकुट्ट अंधार होता.

मुंजाजी बैलगाडी घेऊन एकटाच परत गेला. जाताना लेकीला म्हणाला, "चल, दोन दिस ऱ्हा माहेरी." ती म्हणाली, "येईन की. पण माझ्या मनानं येईन. धाडली म्हणून न्हाई येणार." दुसऱ्या दिवशी बन्सीधर आला आणि दोन्ही मीटरं, तारा, बटनं, सगळं उपटून घेऊन गेला. दत्तरावांच्या घरात पुन्हा बिजली आली नाही.

पण दत्तरावांच्या डोळ्यांवरचा हात काही निघाला नाही. दिवसा नाही, रात्री नाही. हकीम झाला, डॉक्टर झाला. दोघंही म्हणाले, डोळ्यांत काही दोष नाही. शेवटी धान्याच्या कोठीची खोली त्यांना रिकामी करून दिली. तिथं फटीतूनसुद्धा उजेड येत नव्हता. तरी ते काळी घोंगडी डोक्यावरून ओढून घ्यायचे आणि आतून म्हणत राहायचे, "बंद कर गं... बंद कर." मनकर्णा दोन वेळची भाकरी नेऊन ठेवायची. जबाब द्यायची नाही. तुम्ही म्हणाल, आता तरी तिचा राग गेला असेल. कशाला जाईल? तिला खरी म्हणवून घ्यायला एक मेलेली बाई मदतीला यावी लागली, जित्या माणसांत कोणी पुढं झालं नव्हतं. नवऱ्याशीही ती कामापुरतंच बोलायची.

श्रावण लागला. पावसानं उघडीप दिली की संध्याकाळी दिव्यावर झेपावणाऱ्या पाखरांचा नुसता सुळसुळाट व्हायचा. चतुराबाईच्या रॉकेलच्या चिमणीवर, कोपऱ्यावरच्या दुकानातल्या बत्तीवर झुंबड. जेवणात पडायची, केसात शिरायची. रायभाननं ओसरीत कंदील टांगला होता आणि त्याखाली तो जेवायला बसला होता. अर्धी भाकरी झाल्यावर तो एकदम थांबला.

"आपल्या कंदिलावर एकबी पाखरू कसं न्हाई गं?"

मनकर्णानं बघितलं. खरंच एकही नव्हतं. ओसरीतून पाखरांची रांग लागली होती, पण कंदिलाला वळसा घालून ती आत जात होती, कोठीच्या बंद दाराकडं, दाराखालच्या अंधाऱ्या फटीतून आत. रायभान पानावरून उठला नाही. मनकर्णाही जागची हलली नाही.

सकाळी ती चहा घेऊन कोठीत गेली. दत्तराव घोंगडीखाली जागेच होते, पुटपुटत होते. घोंगडीवर, त्यांच्या डोक्याभोवती, मेलेल्या पाखरांचा थर साचला होता. तिनं केरसुणीनं तो गोळा केला आणि टाकायला अंगणात आणला. उन्हात तिनं नीट बघितलं. सगळ्यांचे पंख जळालेले होते.